तांब्या समोर, तांब्या पाठीमागे: रोजच्या रेखाटनाचा सराव

रोज अर्धा तास चित्र काढणारा माणूस वर्षभरात हमखास सुधारतो. कशात सुधारतो, हे मात्र त्या अर्ध्या तासात तो काय करतो यावर ठरतं. समोर ठेवलेली वस्तू उतरवण्याचा सराव केला की समोरची वस्तू उतरवता येऊ लागते. मोबाइलवरचे फोटो बघून काढले की फोटो बघून काढता येऊ लागतं. मग कुणी दिवाळी अंकासाठी कथा हातात देतं, किंवा घरच्या मुलांना सांगितलेली गोष्ट आपल्यालाच चित्रात मांडावीशी वाटते, आणि हात अडतो. कथेतली म्हातारी काही समोर येऊन बसत नाही. तिची बसण्याची ढब, लुगड्याच्या घड्या, हातातला तांब्या, मागची ओसरी हे सगळं आपल्या डोक्यात आधीच असावं लागतं. ते तिथे साठवायचं कसं, हा कथाचित्राच्या सरावातला खरा प्रश्न आहे आणि बहुतेक स्केचबुकं नेमकी तिथेच कमी पडतात.

म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. एकच वस्तू एकाच बैठकीत तीनदा काढायची: आधी बघून, मग आठवून, मग वळवून. वळवून म्हणजे जी बाजू आपण पाहिलीच नाही त्या बाजूने, किंवा आडवी पाडून, किंवा कुणाच्या तरी हातात देऊन. पुढे जे लिहिलं आहे ते याच तीन पायऱ्यांचं आहे.

आधी सामानाचं उरकून घेऊ. दोन शिसपेन्सिली पुरतात, एक एचबी म्हणजे मध्यम आणि एक ४बी म्हणजे मऊ, गडद. यांत्रिक पेन्सिलीची ०.५ मिलिमीटरची रेघ सगळीकडे सारखीच येते, त्यामुळे दाब कमी-जास्त करून रेषा जाड-बारीक करण्याची सवय लागत नाही. सुरुवातीला ती टाळलेली बरी. पेन्सिल शार्पनरने न करता कटरने तासावी आणि शिसं ८-१० मिलिमीटर उघडं ठेवावं, म्हणजे टोकाने रेघ आणि कुशीने छटा, दोन्ही कामं एकाच पेन्सिलीने होतात. कागद दोन प्रकारचे लागतात. जपून ठेवायच्या चित्रांसाठी १३० ते १५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कार्ट्रिज, हा चित्रकलेचा जाड कागद, आणि बाकी सगळ्यासाठी पाठकोरे कागद. पाठकोऱ्यांचं महत्त्व फार आहे. महाग वहीत माणूस जपून काढतो, आणि जपून काढणाऱ्याची रेघ आखडते. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, कागद दमट होतो. त्यावर शाई फुटते आणि खोडरबराने कागदाचे धागे निघतात. वही वापरून झाली की प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बंद करून ठेवावी.

कागद टेबलावर सपाट ठेवून काढू नका. एक ड्रॉइंग बोर्ड किंवा जाड पुठ्ठा घ्या, क्लिपने कागद लावा आणि बोर्डाची एक कड मांडीवर, दुसरी टेबलाच्या काठावर टेकवा. सपाट कागदाचा वरचा भाग डोळ्यापासून लांब असतो, त्यामुळे तो आपल्याला आखूड दिसतो, आणि हात नकळत ती आखूड दिसणारी उंची भरून काढतो. चित्र उभं धरलं की डोकं मोठं आणि लांबट झालेलं असतं. पुष्कळांना वाटतं आपल्याला प्रमाण जमत नाही, आणि प्रत्यक्षात चूक बोर्डाच्या कोनाची असते.

पाच मिनिटं नुसत्या रेघा

बैठकीची सुरुवात रेघांनी करायची. ए४ कागदावर दोन ठिपके द्या, १५ सेंटिमीटर अंतरावर. पेन्सिल कागदाला न टेकवता एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत दोन-तीनदा हवेतच फिरवा, मग एका दमात रेघ ओढा. नजर पेन्सिलीच्या टोकावर नको, जिथे पोचायचं त्या ठिपक्यावर हवी. पहिल्या आठवड्यात रेघ ठिपका चुकवते, त्याची चिंता नाही. ती सरळ आणि सलग आली पाहिजे. चुकली म्हणून वर तुकड्या-तुकड्यांनी गिरवत बसलात तर केसाळ रेघ तयार होते, आणि ती सवय मोडायला पुढे महिने जातात. हात मनगटातून फिरला तर रेघ वाकते, कारण मनगट कंसातच फिरू शकतं. लांब रेघेला खांद्यातून हात हलवावा लागतो. पेन्सिल टोकापासून चार-पाच सेंटिमीटर मागे धरली की मनगट आपोआप मोकळं होतं आणि खांदा कामाला लागतो. बारीक तपशिलाच्या वेळी मात्र पकड पुढे आणायला हरकत नाही.

उरलेला वेळ लंबवर्तुळांना. वर्तुळ तिरकं पाहिलं की लंबवर्तुळ दिसतं, आणि घरातल्या निम्म्या वस्तूंना गोल तोंड असतं: कप, पातेलं, बादली, डबा. दोन फेऱ्यांत, हात न थांबवता, एकावर एक लंबवर्तुळ काढा. त्याची डावी-उजवी टोकं गोलच असतात. बदामाच्या टोकासारखी अणकुचीदार झाली तर वस्तू कागदाच्या पिशवीसारखी चपटी दिसते.

बघून

आता समोर तांब्या ठेवा. टेबलावर, हातभर अंतरावर, तोंडाच्या आतला थोडा भाग दिसेल असा. तांब्या मुद्दाम सांगतो आहे. त्याच्या एका घडणीत काठ, गळा, पोट आणि बूड असे चार वेगळे वळसे आहेत, आणि तो मराठी कथेत वारंवार येतो.

आधी एक हलकी उभी रेघ, ती त्याची मध्यरेषा. तिच्यावर वरचं आणि खालचं टोक ठरवा. मग मोजमाप. हात पूर्ण सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकाने पोटाची एक कड गाठा आणि अंगठ्याने दुसरी. हे झालं पोटाच्या रुंदीचं माप. तेच माप उभं करून उंचीवर लावा: उंची रुंदीपेक्षा किती जास्त किंवा कमी? मग काठाची रुंदी पोटाच्या रुंदीच्या किती भागाची? एवढी दोन मापं पुरतात. मोजताना कोपर जरा जरी वाकलं तरी माप बदलतं, कारण पेन्सिल डोळ्याजवळ येते. मोजमाप चुकणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं कोपर वाकलेलं असतं.

काठाचं लंबवर्तुळ चपटं येईल, पोटाचं त्याहून फुगीर आणि बुडाचं सगळ्यात फुगीर. डोळ्याच्या पातळीपासून वर्तुळ जितकं खाली, तितकं ते उघडं दिसतं. नवशिक्याची ठरलेली चूक म्हणजे तांब्याचं बूड सरळ रेघेने संपवणं. तांब्या सपाट टेबलावर आहे हे डोक्याला माहीत असतं, आणि हात डोळ्याचं न ऐकता डोक्याचं ऐकतो. बुडाचं लंबवर्तुळ मागच्या न दिसणाऱ्या बाजूसकट पूर्ण काढा, मागची रेघ नंतर पुसा. दोन्ही कुशी सारख्या आल्या का हे पाहायला कागद उलटा धरा. उलट्या चित्रात झुकाव लगेच दिसतो.

इथे काही जण लगेच छटा भरायला घेतात. तांब्या चकचकीत असेल तर ते करू नका. घासलेल्या धातूवर काळे आणि पांढरे पट्टे एकमेकांना खेटून, तीक्ष्ण कडांनी येतात. ती आजूबाजूच्या खोलीची प्रतिबिंबं असतात आणि त्यावरून उजेड-सावली शिकता येत नाही. छटेसाठी मातीचं मडकं किंवा पणती घ्या. खोलीतला ट्यूबलाइट बंद करा, एकच टेबल-लॅम्प बाजूने आणि वरून ठेवा. डोळे किलकिले करून पाहिलं की पाच पायऱ्या दिसतात: सगळ्यात उजळ ठिकाण, उजेडाचा भाग, मधली छटा, मडक्याची स्वतःची गडद सावली आणि टेबलावर पडलेली सावली. गडद सावलीच्या पलीकडे, अगदी कडेला, टेबलावरून परतलेला मंद उजेड असतो. तो काढायला सगळ्यांना आवडतं आणि म्हणूनच तो नेहमी जास्त पांढरा होतो. परतलेला उजेड सावलीतच असतो. उजेडाच्या बाजूच्या कुठल्याही भागाइतका तो उजळ होऊ शकत नाही, आणि केला तर मडक्याची गोलाई नाहीशी होते.

या पायरीला दहा मिनिटांपेक्षा जास्त वेळ देऊ नये.

आठवून

तांब्यावर कापड टाका किंवा तो पाठीमागे ठेवा. पहिलं चित्रही पालथं घाला. नव्या पानावर तोच तांब्या आठवून काढा, पाच मिनिटांत.

यातला खरा फायदा काढण्यापेक्षा नंतरच्या तपासणीत आहे. कापड काढून तांब्या पुन्हा समोर ठेवा आणि आठवून काढलेल्या चित्रावर लाल पेनाने दुरुस्ती करा. लाल रेघ जिथे पडते, तिथे आपण पाहिलंच नव्हतं असा तिचा अर्थ. बहुतेकांच्या लाल रेघा दोन ठिकाणी पडतात. एक, काठाची जाडी. आठवणीतल्या तांब्याला काठ म्हणून नुसती रेघ असते, खऱ्या तांब्याच्या काठाला बाहेर वळलेली जाडी असते आणि तिला स्वतःची दोन लंबवर्तुळं असतात, एक बाहेरचं आणि एक आतलं. दोन, गळा पोटाला मिळतो ती जागा. तिथे बऱ्याचदा एक स्पष्ट मोड असतो. आठवणीत तो गुळगुळीत होऊन जातो आणि तांब्याचा फुलदाणीसारखा काहीतरी होतो. ही दोन ठिकाणं कळली की पुन्हा तांब्याकडे बघा, पण फक्त त्याच दोन ठिकाणी, आणि पुन्हा झाका. दुसऱ्यांदा आठवून काढलेला तांब्या पहिल्यापेक्षा इतका वेगळा येतो की एका बैठकीतच सरावाचा उपयोग पटतो.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसलेल्यांना हे नवं नाही. कला संचालनालयाच्या या ग्रेड परीक्षांत स्मरणचित्राला स्वतंत्र पेपर आहे, आणि ज्याने तो ठेवला त्याला चित्रकार कसा घडतो हे नीट ठाऊक होतं. वाईट एवढंच वाटतं की बरीच मुलं बस थांबा, भाजी बाजार, पाणवठा यांची तयार चित्रं घोकून जातात. घोकलेल्या चित्रात आठवण दुसऱ्याची असते. तीच झोपडी, तोच नारळ, तीच डोक्यावर हंडा घेतलेली बाई. त्याऐवजी मुलांना रोज एक वस्तू पाहून, झाकून, तपासायला लावली तर वर्षभरात त्या पेपराची भीती राहणार नाही.

वळवून

तिसरी पायरी सगळ्यात अवघड आहे आणि कथाचित्राला सगळ्यात जवळची. तांब्या अजूनही झाकलेलाच आहे. आता तो आडवा पडलेला काढा.

त्यासाठी तांब्याला साध्या आकारांत बसवा: एक चपटा गोल म्हणजे पोट, त्यावर एक आखूड नळी म्हणजे गळा, तिच्यावर एक कडं म्हणजे काठ. हे तिन्ही एकाच मध्यरेषेत ओवलेले. आता मध्यरेषा तिरकी करा. इथे एक नियम पाठ असावा: गोल वस्तूच्या तोंडाचं लंबवर्तुळ ज्या दिशेने लांबट असतं, ती दिशा मध्यरेषेशी काटकोनात असते. मध्यरेषा उजवीकडे कलली की लंबवर्तुळही तितकंच कलतं. हा नियम मोडलेली चित्रं छापील पुस्तकांतही दिसतात. तांब्या कललेला, पण तोंड तसंच आडवं, त्यामुळे तो पिरगळल्यासारखा दिसतो. याउलट आतलं पाणी कधीच कलत नाही. तांब्या कितीही वाकवला तरी पाण्याचा पृष्ठभाग आडवाच राहतो. कललेलं तोंड आणि आडवं पाणी ही दोन वेगळी लंबवर्तुळं एकाच तांब्यात नीट बसली की पाहणाऱ्याला पाणी आता सांडणार असं वाटतं.

मग तो हातात द्या. हात अवघड वाटतो, कारण आपण बोटांपासून सुरुवात करतो. आधी पंजा एक पेटी म्हणून काढा, चार बोटांचा एकच जाड पट्टा म्हणून काढा, अंगठा वेगळा. पट्टा तांब्याच्या गळ्याभोवती किती वळतो ते ठरलं की मगच त्याचे चार भाग करा. हाताची लांबी साधारण हनुवटीपासून केसांच्या रेषेपर्यंत भरते. लहान हात काढण्याची चूक इतकी सार्वत्रिक आहे की शंका आली तर हात थोडा मोठाच ठेवावा.

तांब्याला आठवडा द्यावा. मग खुर्ची, छत्री, सायकल, स्टोव्ह, शिवणयंत्र असं पुढे जायचं. खुर्ची काढताना पायांच्या मधल्या मोकळ्या जागांचे आकार काढा. खुर्ची कशी असते ते डोक्याला माहीत असतं, पायांमधल्या रिकाम्या जागेचा आकार माहीत नसतो, म्हणून तो प्रामाणिकपणे पाहिला जातो. सायकलचं चाक हेही लंबवर्तुळच, आणि त्याची मध्यरेषा म्हणजे आस.

माणसं

आठवड्यातले दोन दिवस माणसांसाठी घराबाहेर पडावं. एसटी स्टँड, रेल्वेचा फलाट, दवाखान्याबाहेरचा बाक, देवळाची पायरी. वाट बघणारी माणसं फारशी हलत नाहीत आणि थोडी हलली तरी परत त्याच बैठकीत येतात. एका माणसाला एक मिनिट, फार तर दोन. काढायचा क्रम: डोक्याचा अंडाकार, मानेपासून वजन पेलणाऱ्या पायापर्यंत जाणारी एक वळणदार रेघ, मग खांद्यांची तिरकी रेघ आणि कमरेची तिरकी रेघ. एका पायावर भार टाकून उभ्या माणसाची कंबर त्या पायाच्या बाजूला वर उचललेली असते आणि त्याच बाजूचा खांदा खाली आलेला. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार पेलणाऱ्या पायावर पडतो. हा ओळंबा चुकला तर माणूस पडतोय असं दिसतं, मग चेहरा कितीही छान असो. नाक-डोळे या वेळी काढूच नयेत.

प्रमाणाचे आकडे डोक्यात असावेत. उभा प्रौढ माणूस स्वतःच्या डोक्याच्या सात ते साडेसात पट, आणि त्याच्या उंचीचा मध्य जांघेजवळ. जमिनीवर मांडी घालून बसलेला सुमारे चार पट. वर्षाचं मूल चार पट, पाच वर्षांचं पाच-साडेपाच. मूल मोठ्या माणसासारखं दिसतंय अशी तक्रार आली तर डोकं मोजा, चूक तिथेच सापडेल. चेहऱ्यात डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. केस आणि कपाळ आपण हिशेबात धरत नाही, म्हणून डोळे नेहमी वर सरकतात. कान भुवईपासून नाकाच्या टोकापर्यंत.

कपड्यांवर मी थोडा थांबतो, कारण मराठी कथाचित्रात कपडाच माणसाचं अर्धं वर्णन करतो. घडी कुठून तरी सुरू होते. कापड जिथे अडकलेलं, ताणलेलं किंवा टेकलेलं असतं तिथून घड्या निघतात: खांदा, कोपर, कंबर, गुडघा. उभ्या बाईच्या साडीच्या निऱ्या बघा. कमरेशी खोचलेल्या ठिकाणी त्या एकमेकींवर दाटलेल्या असतात, खाली येता येता सुटतात आणि तळाशी साडीचा काठ नागमोडी जातो, कारण प्रत्येक निरी पुढे येते आणि मागे वळते. पुष्कळ चित्रांत निऱ्या म्हणजे कमरेपासून पावलापर्यंत सारख्या अंतराच्या उभ्या रेघा असतात आणि काठ म्हणजे खाली सरळ पट्टी. तिथे साडीचा पत्रा होतो. सुती साडीच्या घड्या टोकदार आणि कोनात मोडणाऱ्या, पैठणीच्या जाड आणि मोजक्या, सिंथेटिक साडी अंगाला चिकटून ओघळणारी. नऊवारीचा काष्टा मागे खोचलेला असल्याने घड्या दोन्ही पायांवरून मागच्या त्या एका जागेकडे ओढल्या जातात. उकिडव्या बसलेल्या बाईच्या गुडघ्यावर कापड ताणून गुळगुळीत होतं आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूला सगळ्या घड्या गोळा होतात. एका बैठकीत अशी एकच जागा, उदाहरणार्थ नुसता गुडघा, बघून-आठवून-वळवून काढली तरी खूप झालं.

गर्दी काढायची असेल तर यथार्थदर्शनातली, म्हणजे जवळ-लांब कागदावर दाखवण्याच्या पद्धतीतली, एक गोष्ट पुरते. आपल्या डोळ्याची पातळी हीच क्षितिजरेषा. तुम्ही उभे असाल, जमीन सपाट असेल, तर तुमच्याइतक्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे त्या एका रेषेवर येतात, माणूस दहा फुटांवर असो की शंभर. लांबच्या माणसाची फक्त पावलं वर सरकतात. खुर्चीवर बसलात तर तीच रेषा उभ्या माणसांच्या छातीतून जाते, जमिनीवर बसलात तर कमरेखालून. मंडईतल्या भाजीवाल्या बाईच्या नजरेतून बाजार दाखवायचा असेल तर रेषा खाली आणा, गिऱ्हाइकं आपोआप डोंगराएवढी होतात. टोपल्या आणि पेट्या काढताना पेटीचा वरून दिसणारा, सगळ्यात जवळचा कोपरा कागदावर काटकोनापेक्षा लहान झाला तर समजावं की लयबिंदू, म्हणजे पेटीच्या समांतर कडा लांब जाऊन जिथे मिळताना दिसतात ते बिंदू, फार जवळ घेतलेत. ते कागदाच्या बाहेर ढकलावेत.

जुन्यांकडून घेणं

आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासूनच्या दिवाळी अंकांच्या परंपरेत कथाचित्रांचा एवढा साठा झाला आहे की शिकायला परदेशी पुस्तकांची गरज भासू नये. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर, वसंत सरवटे, शि. द. फडणीस, बाळ ठाकूर हे त्यातले काही चित्रकार. जुने अंक रद्दीच्या दुकानात आणि वाचनालयात अजून मिळतात. त्यांच्या चित्रांची नक्कल जरूर करा, पण तीच तीन पायऱ्यांत. एक चित्र बघून उतरवा, झाकून आठवा, मग त्यातलाच माणूस वेगळ्या बाजूने काढा. तिसऱ्या पायरीवर कळतं की चित्रकाराने काय गाळलं होतं. दलालांची बाई बघताना घड्या किती कमी रेघांत बसवल्यात ते मोजा. फडणीसांच्या चित्रात शब्द नसतो, मग नजर आधी कुठे जाते आणि नंतर कुठे, ते बोटाने फिरवून पाहा.

टॅब्लेटबद्दल विचारणारे बरेच असतात. टॅब्लेट वापरा, पण पहिले तीन महिने कागदच घ्या. टॅब्लेटवर चुकलेली रेघ एका टिचकीत नाहीशी होते, आणि आपल्या सरावात चूक टिकून राहणं गरजेचं आहे, कारण लाल पेन तिच्यावरच चालतं. रोजच्या पानावर तारीख आणि एक ओळ लिहून ठेवा: 'काठाची जाडी विसरली', 'डोळे वर गेले'. महिन्याने त्या ओळी सलग वाचल्या की कोणती चूक परत परत येते ते दिसतं आणि पुढच्या महिन्याचा सराव ठरतो. मध्येच एक काळ असा येतो की सगळी चित्रं बिघडली आहेत असं वाटायला लागतं. त्या वेळी नजर हाताच्या पुढे गेलेली असते. तेव्हा पहिल्या आठवड्यातलं पान काढून तीच वस्तू पुन्हा काढावी आणि दोन्ही पानं शेजारी ठेवावीत.

आठवड्याचं एक कथाचित्र

रविवारी तासभर काढून आठवड्याची शिदोरी एका वाक्यावर लावून बघा. उदाहरणार्थ: 'ती पाण्याचा तांब्या घेऊन ओसरीवर आली आणि दारातल्या माणसाला बघून थबकली.' ५ बाय ७ सेंटिमीटरच्या सहा चौकटी आखा. प्रत्येकीत वेगळा क्षण किंवा वेगळी बाजू, प्रत्येकी दोन मिनिटं, आणि फक्त तीन छटा: कागदाचा पांढरा, एक करडा, एक काळा. पहिल्या दोन चौकटींत जे येतं ते कुणालाही सुचलं असतं, चौथी-पाचवी तुमची असते. तिला घाबरलेली दाखवायला चेहरा मोठा करण्यापेक्षा तिचा तांब्या किंचित कललेला दाखवला तर? माणूस दाखवायचाच नाही, त्याची उंबऱ्यावर पडलेली सावली दाखवली तर? सगळ्या चौकटी हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. जिच्यात कोण कुठे आहे हे तरीही कळतं, ती निवडा.

पक्कं चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढावं. लहान करताना हाताची थरथर लपते, पण रेषाही बारीक होतात: ०.३ मिलिमीटरची रेघ छापताना ०.२ ची होते. ०.१ च्या पेनाने केलेलं नाजूक काम नाहीसंच होतं, आणि दाट हॅचिंगच्या, म्हणजे छटेसाठी शेजारी-शेजारी ओढलेल्या, रेघा एकमेकींत मिसळून काळा डाग होतो. म्हणून हॅचिंगच्या दोन रेघांमधलं पांढरं अंतर रेघेच्या जाडीपेक्षा जास्तच ठेवावं. दुसरा थर पहिल्याला काटकोनात छेदला तर जाळी दिसते, थोडासाच तिरका टाकला तर छटा दिसते. हात वाकडा करण्यापेक्षा कागद फिरवा. शाई वॉटरप्रूफ असेल तर बोरूच्या किंवा निबच्या टाकाने काढा, फाउंटन पेनात ती भरू नका, आत वाळून पेन कायमचं बसू शकतं. खाली केलेली पेन्सिल पुसायला शाई पूर्ण वाळेपर्यंत थांबा. दमट हवेत रात्रभर ठेवलेलं बरं, नाहीतर काळ्या रेघा करड्या होऊन पसरतात.

सकाळी चित्र ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, छापायच्या आकारात एक प्रिंट काढा आणि वाचक अंक धरतो तेवढ्या अंतरावरून बघा. तांब्याच्या काठाची आतली आणि बाहेरची रेघ चिकटून काळी झाली असेल तर मूळ चित्रात उजेडाच्या बाजूची आतली रेघ मध्येच तोडून मोकळी सोडा, आणि परत प्रिंट काढा.